गाडी चालू झाली का? : पेट्रोल-डिझेल सोडून विजेवर आलेल्यांचे अनुभव

गोदाकाठची
गेल्या आठवड्यात आमची जुनी डिझेल जीप भंगारात दिली. तिच्या पुढच्या कप्प्यात, पावत्यांच्या खाली, तेलकट कागदात गुंडाळलेले, इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारे एक नॉझल सापडले आणि हा धागा काढावासा वाटला. माझ्या वडिलांची सारी नोकरी सातपूरच्या मायको कारखान्यात डिझेलची नॉझले तपासण्यात गेली. मायको सर्कलला ते नाव कशावरून पडले हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. नॉझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागांची असते, म्हणून एका जोडीची सुई दुसऱ्या बॉडीत चालत नाही, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी ठाऊक होते. टेस्ट ऑइलचा वास बाबांच्या आधी दारात यायचा. रस्त्याने ट्रक गेला की ते कान देऊन ऐकत, "नॉझल टपकते आहे याचे," असे म्हणत आणि कितवे ते सांगता येत नाही म्हणून हळहळत.

आता घरात विजेवरची गाडी आली आहे. पहिल्या दिवशी बाबा शेजारी बसले, पट्टा लावला आणि वाट पाहत राहिले. "चालू कर ना," म्हणाले. "चालूच आहे, बाबा." त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवून पाहिला. त्यानंतर गंगापूर धरणापर्यंत ते एकच वाक्य बोलले, "गिअर बदलला नाहीस." गाडीत बदलायचे गिअरच नाहीत हे मी त्यांना आधी सांगितले होते, तरीही.

तुमच्या घरी हा बदल कसा झाला, ते सविस्तर लिहा.

हिरवी_पाटी
ताई, माझी रिक्षा नाशिकरोड ते शालिमार चालते. आधी सीएनजीची होती, दीड वर्षापासून विजेवरची आहे. गॅस स्वस्त पडायचा हे खरे, पण पहाटे उठून पंपावर रांगेत उभे राहण्यात जो धंदा बुडायचा त्याचा हिशेब कोणी धरत नाही. आता रात्री घरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावतो, साधारण नऊ युनिट जातात आणि सकाळी शंभराच्या वर किलोमीटर मिळतात. दुपारी जेवायला घरी आलो की तासभर पुन्हा लावतो. मात्र बॅटरीच्या हप्त्याचे ओझे मोठे आहे. पूर्वी इंजिनाचे काम निघाले तर भद्रकालीत ओळखीच्या माणसाकडे उधारीवर व्हायचे, तसे बॅटरीचे होत नाही.
हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे पाहून प्रवासी अजूनही विचारतात, "ही सरकारी रिक्षा आहे का?"

तिसरा_मजला
आमचा अनुभव गाडीचा कमी आणि सोसायटीचा जास्त आहे. इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत पहिली विजेवरची स्कूटर माझी. खाली प्लगला परवानगी नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून वायर सोडली. ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवरून जाऊ लागली आणि प्रकरण वार्षिक सभेत गेले. आपल्याच वीजजोडणीवरून आपली गाडी चार्ज करता येते, असे केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले होते. मी तो कागद छापून नेला, पण तो वाचण्यापेक्षा स्फोट झाला तर जबाबदार कोण, यावरच दीड तास गेला. गंमत अशी की ज्यांनी सर्वांत मोठा आवाज केला, त्यांनीच दिवाळीत विजेवरची मोटार घेतली. आता खाली चार प्लग आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र सबमीटर आहे.

कॉलेज_रोड_सून
माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी स्कूटर कोपऱ्यावर वळली की सासूबाई चहा टाकत असत. आता मी दारात उभी राहते तरी त्यांना कळत नाही, आणि फोनवर माझ्याविषयी काय चालले आहे ते मला पूर्ण ऐकू येते.

हिरवी_पाटी
ताई, हॉर्न वाजवत जा. दोघींचेही भले होईल.

कसारा_उतार
नाशिकहून ठाण्याला जाण्याचा अनुभव लिहितो, कारण शहरात गाडी चालवून हे प्रश्न समजत नाहीत. कसारा घाट उतरताना पाय पॅडलवरून काढला की मोटर उलट काम करू लागते, म्हणजे चाके तिला फिरवतात आणि वीज बॅटरीत परत जाते. घाटाच्या माथ्यावर पडद्यावर एकसष्ट टक्के होते आणि पायथ्याशी बासष्ट. गाडीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. पेट्रोलच्या गाडीने आयुष्यात कधी टाकीत पेट्रोल परत दिलेले नाही, हे मी त्यांना अभिमानाने सांगितले.
परतताना हा अभिमान उतरला. चार्जिंगसाठी ठरवलेल्या ठिकाणी दोनपैकी एक यंत्र बंद होते आणि दुसऱ्यावर टॅक्सी लागलेली होती, म्हणून अठ्ठावीस टक्क्यांवरच घाट चढायला घेतला. माथ्यावर एकोणीस उरले. एसी बंद होता, गाडीत कोणी बोलत नव्हते आणि बायको पडद्याकडे पाहून हळूहळू श्वास घेत होती, जणू तिच्या श्वासालाही वीज लागत होती. इगतपुरीला यंत्र मिळाले, पण पन्नास मिनिटे बसावे लागले. आता मी दोन पर्यायी ठिकाणे हाताशी ठेवल्याशिवाय निघत नाही. समृद्धीच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टळतो, पण पुढे मला जायचे असते त्या गावांना तो रस्ता वळशाचा पडतो.

इगतपुरी_लोको
मी रेल्वेतून निवृत्त झालो. आपण ज्याचे नवल करता आहात ते आमच्या घाटात फार जुने आहे. कल्याण-इगतपुरी मार्गावर १९३० पर्यंत विजेची इंजिने आली, आणि इगतपुरीच्या पुढे मात्र कित्येक दशके कोळशाचीच इंजिने होती. त्यामुळे प्रत्येक गाडीचे इंजिन इगतपुरीला बदलावे लागे. पुढे तो मार्गही विजेवर आला, पण तेव्हा मुंबईकडे १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि इकडे २५ हजार व्होल्टचा एसी प्रवाह, एकाचे इंजिन दुसऱ्यावर चालत नसे, म्हणून बदल चालूच राहिला. प्रवाशांना त्या थांब्यातला वडा आठवतो, आम्हाला इंजिन डब्यांना जोडण्याचे कपलिंग आठवते. थळ घाटात, म्हणजे कसाऱ्याच्या रेल्वे घाटात, चढ सदतीसास एक असा आहे, मागून जोर द्यायला बँकर इंजिने लावतात, आणि आजची थ्री-फेजची इंजिने उतारावर वीज तारेत परत सोडतात, अगदी आपल्या गाडीसारखी. फरक एवढाच की आमचे इंजिन वीज पाठीवर वाहून नेत नाही, ते डोक्यावरच्या तारेतून घेते. म्हणून आमच्या गृहलक्ष्मीला श्वास रोखावा लागला नाही.

कसारा_उतार
काका, आता घाट चढताना मालगाडी दिसली की तुमची आठवण येईल.

निफाडचा_बाग
वाचून बरे वाटते, पण शेतीचा विचार करून बोलावे. माझ्याकडे साडेचार एकर द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुटी कोवळ्या असताना पाऊस झाला की डावणी या बुरशीजन्य रोगाची फवारणी लगेच करावी लागते, उद्या म्हणून चालत नाही. ट्रॅक्टरवरचा फवारणीचा ब्लोअर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतो आणि तो सतत पूर्ण ताकद मागतो. वाहून नेण्याच्या हलक्या कामासारखे ते नाही. अशा वेळी दोन एकरांवर बॅटरी संपली आणि ट्रॅक्टर चार तास चार्जिंगला लावला, तर उरलेल्या अडीच एकरांचे काय करायचे? त्यात आमच्याकडे शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. डिझेलचा कॅन निदान शेडमध्ये भरून ठेवता येतो.
बागेत फेरी मारायला मात्र विजेवरची दुचाकी घेतली आहे आणि तिच्याविषयी तक्रार नाही. मजूर म्हणतात की मालक कधी मागे येऊन उभे राहतात ते कळत नाही.

कॉलेज_रोड_सून
दादा, तुमचे मजूर आणि माझ्या सासूबाई यांनी एकत्र मोर्चा काढावा.

पान्हा_नंबर_दहा
माझे नाशिकला द्वारका चौकाजवळ छोटे गॅरेज आहे. ताईंच्या वडिलांविषयी वाचले आणि दुपारभर हातातले काम ठेवून बसलो होतो. मी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवर शिकलो. स्क्रू पाव आटा फिरवायचा, आवाज ऐकायचा, पुन्हा पाव आटा. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा ते शहाणपण निम्मे गेले, आणि आता उरलेले निम्मे जाते आहे. विजेवरच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाही, आणि मोटरच वेग कमी करत असल्याने ब्रेकचे लायनरही लवकर झिजत नाहीत. मग आम्ही खायचे काय? मागच्या महिन्यात एक स्कूटर आली, दोष साधा होता, कनेक्टरला पाणी लागले होते. तो मी काढला, पण पडद्यावरची चूक पुसण्याचे सॉफ्टवेअर फक्त कंपनीकडे असते, म्हणून गाडी ढकलत त्यांच्याकडे पाठवावी लागली आणि पैसे त्यांनी घेतले.
मुलाने मल्टिमीटर आणून दिला आहे आणि हाय व्होल्टेजचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय नारिंगी वायरला हात लावायचा नाही अशी शपथ घातली आहे. सस्पेन्शन, टायर आणि बेअरिंग यांचे काम तेवढे राहिले आहे, कारण बॅटरीमुळे या गाड्या जड असतात आणि आपले रस्ते सर्वांना ठाऊक आहेत.

गोदाकाठची
दादा, तुम्ही बेअरिंगचे लिहिलेत म्हणून सांगते. काल बाबांना पुन्हा गाडीत बसवले. पाथर्डी फाट्याच्या पुढे त्यांनी मला खिडक्या बंद करायला सांगितल्या, पंखाही बंद करायला लावला आणि डोळे मिटून बसले. मला वाटले त्यांना बरे वाटत नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "घूं असा आवाज येतो आहे. इंजिन असते तर त्याच्या आवाजात ऐकूच आला नसता." मला अजूनही तो ऐकू येत नाही.

पान्हा_नंबर_दहा
वेगाबरोबर वाढतो का? आणि वळताना कमी-जास्त होतो का, ते काकांना विचारा.

गोदाकाठची
विचारले. वेगाबरोबर वाढतो. उजवीकडे वळताना जास्त येतो, म्हणजे भार डाव्या चाकावर पडतो, तेव्हा पुढचे डावे बेअरिंग पाहायला सांगा, असे म्हणाले.

पान्हा_नंबर_दहा
बरोबर आहे. रविवारी सकाळी दहाच्या आत गाडी आणा, नंतर गर्दी होते. काकांनाही आणा आणि ते नॉझलही आणा, माझ्या पोराने अजून पाहिलेले नाही.