मदत हवी आहे: वडिलांच्या खांद्याचा बर्सायटिस आणि तोंडावर आलेली ऑक्टोबर छाटणी

मंडळी, मी नोकरीमुळे नाशकात सिडकोला राहतो. आण्णा (वय ६१) निफाडजवळची द्राक्षबाग अजून स्वतः बघतात. मागच्या हंगामात विरळणी चालू असतानाच त्यांचा उजवा खांदा धरला. हात खाली असला की काही नाही. सदरा घालताना किंवा मांडवावरच्या वेलाची काडी धरताना हात खांद्याच्या उंचीला आला की जीवघेणी कळ येते, आणि आणखी वर गेला की कमी होते! रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बर्सायटिस सांगितला. खांद्याच्या वरच्या हाडाखाली, स्नायूबंध घासू नये म्हणून जी पातळ पिशवी असते ती सुजली आहे. स्नायूबंध शाबूत आहे. गोळ्या, बर्फ आणि फिजिओथेरपी लिहून दिली आहे. तेवढ्याने भागलं नाही तर स्टेरॉइडचं इंजेक्शन.

आण्णा म्हणतात, "इंजेक्शनच दे म्हणावं आधी, छाटणी उरकून घेतो." आई म्हणते, स्टेरॉइडने हाडं पोकळ होतात. गावातले एक बाबा तेल लावून खांदा चोळायला टपलेलेच आहेत. त्यात आण्णांना शुगर.

इंजेक्शन घेऊन लगेच छाटणीला उभं राहिलं तर चालेल का? आणि खांदा सांभाळून मांडवाखाली काम करायची काही पद्धत आहे का? बाग वाट्याने द्या, हा सल्ला कृपया नको. तो देऊन झालाय, आणि त्यावर काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रतिसाद १
फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शनने सूज आणि दुखणं उतरतं, पण पिशवी हाडाखाली चेपली जायची थांबत नाही. दुखत नाही म्हणून दिवसभर हात वर ठेवून काम केलं तर दुखणं परत येणारच. आराम पडला की तो काळ व्यायामासाठी वापरा. डावा हात टेबलाला टेकवून पुढे वाकायचं आणि उजवा हात सैल झुलवायचा. नंतर कोपर कुशीला लावून रबर बँड बाहेर ओढायचा, पण हा कुणीतरी समोर बसवून शिकवल्यावरच.

एखाद्या इंजेक्शनने हाडं पोकळ होत नाहीत. तिथेच वारंवार घेतलं तर स्नायूबंध कमजोर होऊ शकतो. शुगर मात्र काही दिवस चढते, तेव्हा रोज तपासा. हात गळ्यात बांधून ठेवू नका, शुगरवाल्यांचा खांदा लवकर आखडतो. चोळणं तर नकोच. खांदा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आत जंतुसंसर्ग असू शकतो.

प्रतिसाद २
दिंडोरीकडचा बागायतदार. आम्ही बुटकी, रुंद फळीची घोडी करून घेतली. तिच्यावर उभं राहिलं की काडी डोळ्यांसमोर येते आणि कोपर खांद्याच्या खाली राहतं. फळी डगमगती नको. बाकी छाटणीला पेठ-सुरगाण्याची मजुरांची टोळी असेलच ना? काडीवर किती डोळे (कोंब फुटायच्या जागा) ठेवायचे ते दाखवायला मालक लागतो, कात्री धरायला नाही. आण्णांना हे तुम्ही सांगू नका, टोळीच्या मुकादमाकडून सांगवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मुकादमाची युक्ती लागू पडेल असं वाटतंय. आता एकच: बॅटरीवरची कात्री कुणी वापरली आहे का? मनगटाचा जोर वाचतो हे कळलं, पण साध्या कात्रीपेक्षा ती जड. खांद्याला उलट ताण पडतो का?