उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या भाजलेल्या जखमेला चालतील का?

बी-२०४: ऑपरेशननंतर दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या उरल्या असतील तर त्याच भाजल्यावर दिल्या तर चालतं का? शेवटी जखम ती जखमच ना?

ए-३०२ (सर्जरी वॉर्ड सिस्टर): नाही दादा. टाक्यांच्या जखमेच्या दोन्ही कडा जिवंत असतात, तिथे रक्त पोचतं. म्हणून चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत शिरेतून डोस देतात. स्वच्छ ऑपरेशनला बहुतेक वेळा तेवढा पुरतो. पुढे आठवडाभर गोळ्या खाऊन संसर्ग टळत नाही, जंतू मात्र औषधाला दाद देईनासे होतात.

सी-१०१ (प्लास्टिक सर्जन): खोल भाजलं की वरचा थर मरतो, त्यात रक्त वाहतच नाही. गोळीचं औषध रक्तात जाईल, पण त्या थरात पोचणार नाही. म्हणून औषध वरून लावायचं आणि मेलेली कातडी लवकर काढून ग्राफ्ट करायचा, म्हणजे अंगावरची दुसरीकडची कातडी तिथे लावायची. मेलेली कातडी राहील तितके दिवस जंतूंना आयतं खाद्य. आधी केसांच्या मुळांतले स्टॅफिलोकॉकस वाढतात, आठवडाभरात स्यूडोमोनाससारखे येतात. ड्रेसिंगवर हिरवट डाग आणि गोडसर वास आला तर त्याच दिवशी दाखवा.

डी-४०३: मलमाखाली पिवळट-पांढरा थर जमतो, तो पू का?

सी-१०१: सिल्व्हर सल्फाडायझिन (भाजल्यावरचं चांदीयुक्त मलम) लावत असाल तर तसा थर जमतोच, तो पू नव्हे. उथळ जखम खोल होत जाणं, रंग तपकिरी-काळा पडणं, भोवतालच्या चांगल्या कातडीवर लाली पसरणं, धरलेला ग्राफ्ट सुटणं, यांना घाबरा.

बी-२०४: आणि ताप?

ए-३०२: ऑपरेशननंतर पहिल्या ४८ तासांतला ताप बहुधा जखमेचा नसतो. जखमेचा संसर्ग साधारण ५ ते १० दिवसांत डोकं वर काढतो. अपवाद एकच, पण जिवावरचा: पहिल्या दोन दिवसांतच असह्य दुखणं, काळसर फोड, दाबल्यावर कातडीखाली करकर. तासभरही थांबू नका.

सी-१०१: मोठ्या भाजण्यात ३८.५ सेल्सिअसपर्यंत ताप संसर्गाशिवायही असतो, त्यामुळे नुसत्या तापावरून काही ठरत नाही. गुंगी, धाप, लघवी कमी होणं, पोट फुगणं बघा. लहान मुलांत तर थोडंसं भाजलेलं असतं, जखम स्वच्छ दिसते, आणि पहिल्या काही दिवसांतच ताप, अंगभर पुरळ, उलट्या-जुलाब सुरू होतात. ते जंतूंचं विष असू शकतं. अपचन समजून घरी ठेवू नका, कळकळीने सांगतोय.

डी-४०३: सिस्टर, घरी ड्रेसिंग बदलताना?

ए-३०२: साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवा, जुनं काढल्यावर पुन्हा धुवा. चिकटलेला गॉज सलाइनने भिजवून सुटू द्या. ओढलात तर नवी कातडी सोबत निघते. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट नको, नव्या पेशी मरतात. लालीच्या कडेने पेनने रेघ मारून वेळ लिहा. लाली रेघेबाहेर गेली की डॉक्टरांना फोन.

आणखी एक. पोटाच्या टाक्यांतून ५व्या ते ८व्या दिवशी अचानक गुलाबी पाणी भळभळलं तर आतली शिवण उसवत असू शकते. पेशंटला आडवं करा, सलाइनने ओला निर्जंतुक गॉज ठेवा, आतडं दिसलं तर आत ढकलू नका, थेट हॉस्पिटल.

बी-२०४: म्हणजे त्या गोळ्या द्यायच्याच नाहीत?

सी-१०१: परस्पर एकही नाही. अर्धवट डोस पोटात गेला की स्वॅबमध्ये (जखमेवरून तपासणीला घेतलेल्या नमुन्यात) जंतू उगवत नाहीत, आणि कुठलं औषध लागू पडेल हे आम्हाला कळत नाही.