मदत हवी आहे: बॉल पायथन डोकं उलटं करून बघतो. जन्मजात दोष की माझं काही चुकतंय?

पट्टेरी:

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून पहिलाच धागा काढतोय. चूकभूल सांभाळून घ्या.

माझ्याकडे चौदा महिन्यांचा नर बॉल पायथन आहे. बंबलबी, म्हणजे स्पायडर आणि पॅस्टेल हे दोन मॉर्फ (रंग-नक्षीचे वाण) एकत्र. वजन 640 ग्रॅम. पेटीची गरम बाजू 32 अंश, थंड बाजू 26, थर्मोस्टॅट लावलेला. दहा दिवसांनी एक उंदीर देतो (मेलेला, बर्फातून काढून कोमट केलेला). कात अखंड टाकतो.

परवा चिमट्यात उंदीर धरला. हा लपणीतून बाहेर आला आणि "नाही नाही" म्हटल्यासारखं डोकं हलवायला लागला. मग मान पिळवटत गेली, इतकी की गळ्याखालचे पांढरे खवले वर आणि डोळे खाली. तसाच झेपावला तो थेट पाण्याच्या भांड्याच्या काठावर. तोंड उघडं ठेवून तिथेच काही सेकंद थांबला, जणू आपण काय पकडलंय याचा विचार करतोय. तिसऱ्या झेपेत उंदीर मिळाला. वेटोळं घालणं, गिळणं, सगळं व्यवस्थित.

ब्रीडरला विचारलं तर म्हणाला, "स्पायडर आहे, थोडं डुलणारच, काळजी नको." हे खरं का? आणि दुसरं, मित्राकडे शॅम्पेन मादी आहे, जोडी लावू म्हणतोय. माझा तसा सौम्यच डुलतो, तर पिल्लंही सौम्यच निघतील ना? जाणकारांनी सांगावं.

घुबड:

पट्टेरी, स्वागत. ब्रीडर खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. "काळजी नको" हे त्याने पदरचं घातलं.

याला सगळे वॉबल म्हणतात. स्पायडर मॉर्फचं प्रजनन 1999 मध्ये पहिल्यांदा झालं आणि आजचे सगळे स्पायडर त्या एकाच मूळ सापाचे वंशज मानले जातात. तेव्हापासून लोकांनी त्यांची जोडी साध्या सापांशी लावली, इतर मॉर्फशी लावली, पिढ्यान् पिढ्या. रक्त पातळ केलं की डुलणं जाईल ही आशा होती. गेलं नाही. जिथे ती नक्षी, तिथे वॉबल. कुणात इतका कमी की मालकाच्या लक्षातही येत नाही, कुणात इतका की साप पाठीवर पडून सरळ होऊ शकत नाही.

कारणही आता बरंच कळलंय. सापाला कान नसतात असं आपण म्हणतो ते बाहेरच्या कानाबद्दल. आतला कान असतो आणि तोल तोच सांभाळतो. 2022 मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात एक अभ्यास आला, मोजक्याच सापांवरचा, पण सूक्ष्म सीटी स्कॅन करून केलेला. स्पायडरच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याजवळची पिशवी, दोन्हींची घडणच बिघडलेली दिसली. म्हणजे तुमच्या सापाला वर-खालीची बातमीच चुकीची मिळते. हावरटपणामुळे नेम चुकला असं समजू नका.

सौम्य बापाची पिल्लं सौम्य, हा हिशेब मात्र चालत नाही. एकाच घोळक्यातलं एक पिल्लू जेमतेम मान हलवतं आणि दुसरं बुचाच्या स्क्रूसारखं फिरतं.

सरपटी:

घुबड यांना +1. शॅम्पेनबद्दल मात्र अगदी स्पष्ट सांगते: नको, नको, नको. शॅम्पेनला स्वतःचाच वॉबल असतो. त्यात स्पायडर मिसळला की ती दोन्ही जनुकं घेतलेली पिल्लं जगत नाहीत. वोमा आणि हिडन जीन वोमा या मॉर्फच्याही डोक्याची हीच तऱ्हा. आणि स्पायडर दोन्हीकडून आला तरी पिल्लू तग धरत नाही असंच आजवर दिसलंय.

एक गोष्ट मात्र दिलाशाची. स्पायडरचं जनुक एकेरी असलं तरी अंगावर दिसतं. त्यामुळे त्याच अंड्यांतून निघालेलं, पण ती नक्षी नसलेलं भावंड ते लपवून पुढे नेत नाही. कॉर्न स्नेकमधल्या स्टारगेझरचं उलट आहे. तो अप्रभावी. आईबाप दिसायला धडधाकट, आणि पिल्लं आकाशाकडे तोंड करून जन्मतात.

अवलिया:

थांबा जरा. सगळे स्पायडर म्हणून मोकळे झालात. चौदा महिन्यांनी अचानक सुरू झालं असेल तर आधी बाकीच्या शक्यता बघायला हव्यात. थर्मोस्टॅटचा प्रोब जागेवरून सरकून पेटी तापली होती का? कुठे आपटला? गोचीड-माइट्सवर काही फवारलं? विषबाधेतही साप असाच पिळवटतो. शिवाय इन्क्लूजन बॉडी डिसीज हा सापांचा विषाणूजन्य आजार आहे. त्याचा विषाणू 2012 मध्ये सापडला आणि अजगरांमध्ये त्याची लक्षणं मेंदूवर लवकर जातात. श्वसनाचा संसर्ग असेल तर साप तोंड वर करून श्वास घेतो, तेही लांबून "आकाश बघतोय" असंच वाटतं.

पट्टेरी:

अवलिया, पकडलंत. लिहायला लाज वाटत होती. सहा आठवड्यांपूर्वी माइट्स झाले होते आणि घरात कुत्र्यासाठी आणलेला गोचिडांचा स्प्रे होता, तो मी रिकाम्या पेटीत मारला. पुसून घेतली, पण साप त्याच दिवशी परत ठेवला.

घुबड:

पेटी बदला. आजच. कागद, लपणी, फांद्या, सगळं टाका. कुत्र्याला चालणारी काही द्रव्यं सापाला अजिबात झेपत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जाताना स्प्रेची बाटली सोबत न्या, त्यांना घटक वाचता येतील. आणि लहानपणाचे व्हिडिओ असतील तर ते शोधून ठेवा, मूळचं किती आणि नंतरचं किती ते त्यातूनच कळेल.

मी_नवीन:

मधेच विचारतो. रंगाचा आणि कानाचा काय संबंध?

सरपटी:

चांगला प्रश्न. रंगपेशी भ्रूणातल्या ज्या पेशींपासून बनतात, त्यातल्याच काही आतल्या कानातही जातात. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरं आणि काही डाल्मेशियन कुत्री बहिरी निघतात ती यामुळेच. स्पायडरमध्येही असंच काही असावं हा तर्क आहे. आपण नक्षी निवडली, कान आपोआप सोबत आला.

पट्टेरी:

खबर देतो. जुने व्हिडिओ सापडले. तीन महिन्यांचा असताना हातावर चढतोय आणि मान हलकेच डावीकडे कलते. मी त्यावर तेव्हा "लाजतोय बघा" असं लिहून मित्रांना पाठवलं होतं! म्हणजे वॉबल जन्माचाच. डॉक्टरांचं मत, स्प्रेने तो वाढला असण्याची शक्यता दाट. नवी पेटी लावून अठरा दिवस झालेत. मान अजून वळते, पण पूर्ण उलटी झालेली नंतर दिसली नाही.

जोडी लावायला मित्राला नकार दिला. तो जरा फुगलाय, फुगू दे.

भरवण्याचं काही सुचवाल का? चिमटा दिसला की हा चेकाळतो आणि तिथूनच सगळं बिघडतं.

घुबड:

चिमटा हलवूच नका. उत्तेजित झाला की वॉबल वाढतो. उंदीर लपणीच्या तोंडाशी जमिनीवर ठेवा, दिवा मालवा आणि खोलीबाहेर जा. उंच फांद्या काढून टाका, पाण्याचं भांडं उथळ ठेवा.

पट्टेरी:

काल रात्री तसंच केलं. दाराच्या फटीतून बघत होतो (राहवेना). पाच मिनिटं नुसती जीभ आत-बाहेर. मग डोकं थोडं तिरकं झालं, पण जमिनीला टेकलेलंच राहिलं, आणि पहिल्याच झेपेत उंदीर पकडला. भांडं बचावलं.