मदत हवी आहे: स्प्लेंडरची चेसिस, पल्सर १५०चं इंजिन आणि पुढे २१ इंची चाक. रेक आणि चेन लाइन कशी जुळवू?

नमस्कार मंडळी,

मी चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेत आहे. केळी आणि कपाशी. घरच्या शेडमध्ये शेतीपुरती गाडी बांधायला घेतली आहे. निम्म्याच्या वर काम झालंय, पण आता जिथे अडलोय तिथे अंदाजाने पुढे जायची इच्छा नाही.

जुळवाजुळव अशी: हिरो होंडा स्प्लेंडरची चेसिस (ट्यूबलर डबल क्रेडल, वजनाला हलकी), पल्सर १५०चं एअर-कूल्ड इंजिन आणि हिरोच्या एक्सपल्स २०० गाडीचे पुढचे शॉकअप, २१ इंची तारांच्या चाकासकट. मागे १८ इंची रिम. चिमटा (मागचं चाक धरणारा, वरखाली हलणारा भाग) स्प्लेंडरचाच, पट्टी मारून मजबूत केलेला. सामान बहुतेक भंगारातून घेतलं, शॉकअप तेवढे चांगल्या अवस्थेतले पाहून.

चाक मोठं का, तर आमची काळी माती. एक पाऊस झाला की चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा गच्च बसतो की चाक फिरत नाही, काठीने कोरून काढावा लागतो. म्हणून मडगार्ड वर, खालच्या टीला (शॉकअपचे दोन्ही पाइप धरून ठेवणारा तुकडा) लटकवलेलं हवं. वर डोंगराकडे नाल्यातले गोटे लागतात, तिथेही २१ इंची चाक सहज चढून जातं.

माझी मुख्य अडचण पुढची उंची. मूळच्या २.७५-१८ टायरची त्रिज्या साधारण २९८ मिमी, ९०/९०-२१ची ३४७. म्हणजे नुसत्या चाकानेच पुढचा भाग सुमारे ५० मिमी उचलला जातो, शॉकअपच्या लांबीचा फरक त्याच्यावर. व्हीलबेस सव्वा मीटर धरला तर पुढून दर ५० मिमी उचलण्यामागे रेक, म्हणजे हँडलच्या शाफ्टचा मागे झुकलेला कोन, सव्वादोन अंशांच्या आसपास वाढतो. रेक वाढला आणि चाकही मोठं झालं की ट्रेल (शाफ्टची रेषा जमिनीला मिळते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) दोन्हीकडून वाढतो. सरळ रस्त्यावर अशी गाडी छान चालेल, पण केळीच्या दोन ओळींमधून, ठिबकच्या नळ्या चुकवत, हळू वेगात वळवायची म्हटलं तर हँडल जड पडून बाजूला कलंडणार. आणि माझं रोजचं काम तेच आहे.

यावर दोन उपाय सुचतात. एक, शॉकअपचे पाइप टीमधून वर सरकवायचे आणि आत स्पेसर घालून ट्रॅव्हल (शॉकअप जेवढा दबतो ते अंतर) थोडा कमी करायचा. एक्सपल्सचा पुढचा ट्रॅव्हल १९० मिमी आहे, मला १५० पुरे. दुसरा, मागे लांब शॉकअप लावून मागचा भागही तेवढाच उचलायचा. पण मग चिमट्याचा उतार वाढतो आणि चेन पिव्हॉटजवळ (चिमटा चेसिसला जोडतो तो सांधा) चिमट्याला घासायला लागते. माझा कल पहिल्याकडे आहे, मागे फार तर २५-३० मिमी उचलेन. कोणी प्रत्यक्ष असं केलंय का? स्पेसर किती लांबीचा आणि कुठे बसवला?

दुसरी गोष्ट चेन लाइनची, म्हणजे पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका रेषेत येण्याची. इंजिन ६ मिमीच्या पट्ट्यांवर टाके मारून तात्पुरतं उभं केलंय. मागच्या स्प्रॉकेटला सरळपट्टी लावून पाहिली तर पुढचं स्प्रॉकेट साधारण ७ मिमी बाहेर दिसतं. इंजिन उजवीकडे सरकवायला गेलो की क्लच कव्हर खालच्या पाइपला टेकतं. मागचं स्प्रॉकेट मागे वॉशर घालून बाहेर आणू, की लेथवर कॅरियरला (मागचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो भाग) ७ मिमीची रिंग काढून घेऊ? मला रिंग जास्त भरवशाची वाटते, वॉशरवर बोल्टला नुसता वाकवणारा ताण येईल. चेन ४२८ आहे, पुढे १४ आणि मागे ४८ दात घ्यायचं ठरवलंय.

चेनचा ढिलेपणा मी मागचे शॉकअप काढून तपासतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्हॉट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते, तिथे थोडी ढील उरली पाहिजे. नव्याने बांधणाऱ्यांनी हे नक्की करा. स्टँडवर चेन ठीक दिसते आणि पहिल्याच खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

तिसरं वेल्डिंगचं. गावातले वेल्डर काका ट्रॉल्या आणि नांगर करणारे, हात उत्तम. हेडच्या पाइपला (चेसिसचा पुढचा पाइप, ज्यात हँडलचा शाफ्ट फिरतो) त्रिकोणी पट्टी लावायची म्हटल्यावर त्यांनीच थांबवलं, "भाऊ, एकाच दमात मारशी ते पाइप वाकी जाई." त्यांचं खरं आहे. हेड अर्धा अंश जरी फिरलं तरी दोन्ही चाकं एका रेषेत येणार नाहीत. म्हणून कोनसेटच्या (हँडलच्या बेअरिंगच्या) जागी डमी शाफ्ट घालून, समोरासमोर थोडं थोडं वेल्ड मारत जायचा विचार आहे. हेडला साधं आर्क चालेल की टिगच (वायूच्या आवरणात होणारं बारीक वेल्डिंग) करून घ्यावं?

ता.क.: खाली दोघांनी आरटीओचं विचारलंय. गाडी रस्त्यावर आणणार नाही, शेतातच चालवणार. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे एमएच-१९ची पाटी लावून चोपड्याच्या बाजारात फिरवण्याचा सल्ला देऊ नका. आणि "सरळ एक्सपल्सच घे" म्हणणाऱ्यांना, गाडी चांगलीच आहे, मला स्वतः बांधायची आहे. लहानपणापासून मोटारीच्या स्टार्टरपासून फवारणी पंपापर्यंत सगळं उघडून पाहिलंय, इंजिन स्वतःच्या हाताने चेसिसमध्ये बसवायची फार इच्छा आहे.

जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याकडे पातळ पाइपवर नीट टिग वेल्डिंग करणारं वर्कशॉप कोणाला माहीत असेल तर ते कोणत्या भागात आहे तेवढं सांगा. चेसिस टेम्पोत टाकून घेऊन येतो.