स्लॅबचा तुकडा पडला, आत गंजलेली सळई दिसतेय. नुसतं प्लास्टर पुरेल का?

नमस्कार मंडळी,

परवा रात्री मधल्या खोलीत धप्पकन आवाज आला. जाऊन पाहतो तर छताचा परातीएवढा तुकडा खाली. नशीब, पलंग दुसऱ्या भिंतीला आहे. वर दोन सळया उघड्या पडल्यात, नखाने खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे निघतात. घर ३० वर्षांचं. बरोब्बर वरच्या बाजूला बाथरूम आहे आणि छताला ओल चार-पाच वर्षांपासून. दर वेळी रंग मारून वेळ मारून नेली, हे कबूल.

मिस्त्री म्हणतो, "प्लास्टर मारतो, खाली फॉल्स सीलिंग करा, दिसणारही नाही." ते "दिसणारही नाही"च मला खटकतंय. आधी छत करू की बाथरूम? बाथरूममध्ये जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवायचा बेत आहे. आणि इंजिनियर बोलवावा लागेल, की मी उगाच घाबरलोय?

प्रतिसाद १
आम्ही प्लास्टरच केलं होतं. दीड वर्षात तोच तुकडा पुन्हा खाली, या वेळी शेजारचाही घेऊन.

प्रतिसाद २
साइटवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चांगल्या काँक्रीटचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे उदासीन) साडेबारा-तेराच्या आसपास असतो, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं मुरत जातो, पीएच ९ च्या खाली येतो आणि तो थर मोडतो. त्यात तुमच्या बाथरूमचं पाणी. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणजे तुमचा तुकडा सुटून पडलेला नाही, सळईने फुगून तो ढकललाय. वरून प्लास्टर मारलं तरी ती फुगायची थांबत नाही.

खोली आजच रिकामी करा. मग हेल्मेट घालून, पडलेल्या भागाच्या बाजूला उभं राहून, लांब काठीने सगळं छत हलकेच ठोकत जा. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी डबडब. डबडब वाजेल तिथे खडूने रेघ मारा. डाग कितीही छोटा दिसो, रेघ बहुतेक मोठीच निघते.

गळती आधी. नहाणी ट्रॅप (जमिनीवरच्या जाळीखालचा भाग, जिथून पाणी पाइपात जातं), पाइपचे सांधे, फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. खालून केलेली दुरुस्ती वरचं पाणी थांबवत नाही. जुन्या फरशीवर टाइल्स तर अजिबात नकोत: ४० मिमी सिमेंट-वाळूचा माल आणि १० मिमी टाइल धरली तर चौरस मीटरला १०० किलोच्या आसपास नवं वजन, तेही दुखऱ्या स्लॅबवर. शिवाय गळती खाली तशीच.

दुरुस्ती म्हणजे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढणं, गंज घासून सळई चकचकीत करणं, तिला गंजरोधक लेप, मग बाँडिंग कोट (जुन्याला नवं चिकटवणारा थर) आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल). पण त्याआधी सळई मोजा. १० मिमीची ९ झाली असेल तर ऐकायला एकच मिमी, पण छेदाचं क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटलेलं असतं. तिथे जोड-सळई लागेल की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनियरनेच सांगायचं. मिस्त्री "वाकडीच झालीय" म्हणून सळई कापायला निघाला तर हात धरा त्याचा. आणि फॉल्स सीलिंग एवढ्यात नको, पुढचा तडा कळणार कसा?

धागाकर्ता
ठोकून पाहिलं. खडूची रेघ खोलीच्या अर्ध्यापर्यंत गेली, थेट बीमला भिडली. बीमच्या तळाला लांबीने एक केसभर भेग आहे, कडेला तांबूस ओघळ. ती बहुधा जुनी असावी, लक्ष आज गेलं. मिस्त्री उद्या सकाळी छिन्नी घेऊन येतोय.

प्रतिसाद २
बीमच्या तळाला लांबीने भेग आणि तांबूस ओघळ म्हणजे आतली मुख्य सळईही गंजतेय. स्लॅबला एक पट्टा गेला तर शेजारचा थोडा भार उचलतो, बीमचं तसं नाही. मिस्त्रीला आत्ताच फोन करून उद्याचं काम थांबवा, आणि इंजिनियरला फोटो पाठवून टेकू कुठे लावायचे ते विचारा. टेकूखाली जाड फळी हवी आणि तळमजला नसेल तर खालच्या मजल्यावरही टेकू लागतील, नाहीतर भार नुसता खालच्या स्लॅबवर जातो. टेकू लागून इंजिनियरने पाहिल्याशिवाय बीमला छिन्नी लावू देऊ नका. तोवर त्या बाथरूमचं पाणी बंद.