‘डेंटल हायजिनिस्ट’ला मराठीत काय म्हणावं? (चर्चेतली नावं टोपणनावं आहेत.)

तळटीप: दंतरुग्णालयाच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. मूळ वाक्य साधं आहे: तपासणी दंतवैद्य करतील, स्केलिंग (दातांवरचा कडक थर काढणं) आणि पॉलिशिंग हायजिनिस्ट करतील. मी ‘दंत आरोग्यक’ लिहिलं, कारण सरकारी पदभरतीच्या जाहिरातींत तो शब्द असतो. मुद्रितशोधनात त्याचं ‘दंत स्वच्छता कर्मचारी’ झालं. आरोग्यक म्हणजे कोण हे कुणाला कळत नाही, असं कारण मिळालं. काय ठेवावं?

एषणी: ‘आरोग्यक’च ठेवा. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) अशा तीन वेगळ्या व्याख्या आहेत. हायजिनिस्टच्या व्याख्येत दोन कामं येतात: दात खरवडणं, साफ करणं, पॉलिश करणं हे एक, आणि दातांची निगा कशी राखायची ते शिकवणं हे दुसरं. ‘स्वच्छता कर्मचारी’ म्हटलं की दुसरं काम गळतं. शिवाय दवाखान्यात त्या शब्दाचा अर्थ फरशी पुसणारे असाच घेतला जातो. त्यात कमीपणा काही नाही, पण रुग्णाचा गोंधळ होईल.

रांजण: ‘हायजिनिस्ट’ असंच लिहा. नर्स, कंपाउंडर चालतात तर हा का नको? सरकारी शब्द जाहिरातीबाहेर कुणी उच्चारत नाही.

एषणी: नर्स सगळ्यांनी पाहिलेली असते. आपल्याकडे बहुतेक खासगी दवाखान्यांत स्केलिंग दंतवैद्य स्वतःच करतात, त्यामुळे हायजिनिस्ट समोर आला तरी लोक त्याला असिस्टंट समजतात. असिस्टंट थुंकी ओढणारी नळी धरतो, सिमेंट कालवतो, हत्यारं हातात देतो. हायजिनिस्टकडे दोन वर्षांची पदविका आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी असते. शब्द कुठलाही घ्या, खाली एक ओळ कामाची द्या.

सानुनासिक: या शब्दाच्या जन्मातच ‘आरोग्य’ आहे. अमेरिकेत ब्रिजपोर्टचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी 1906 मध्ये आपल्या सहायक आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं आणि 1913 मध्ये शाळा काढली. ‘डेंटल नर्स’ हे नाव त्यांनी मुद्दाम टाळलं, कारण नर्स म्हटलं की आजार आठवतो आणि हे काम आजार होऊ नये म्हणून आहे. न्यूझीलंडने 1921 मध्ये शाळकरी मुलांसाठी प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा मात्र ‘डेंटल नर्स’च घेतलं. तिथे त्या दात भरायच्या आणि काढायच्याही. नावाप्रमाणे काम बदललं की कामाप्रमाणे नाव, हा वादाचा विषय आहे.

कोनाडा: मूळ शब्द बाजूला राहू दे, दातांवरच्या त्या कडक थराला, ‘टार्टर’ला, काय लिहिलंत? ‘कीटण’ हा इतका नेमका मराठी शब्द पडून आहे. संस्कृत किट्ट म्हणजे मळ, गाळ, लोखंडाचा गंज.

एषणी: चांगला आहे, पण प्लाक आणि टार्टर दोघांनाही कीटण म्हणू नका. प्लाक म्हणजे दातांवरचा चिकट थर, तो मऊ असतो, ब्रशने निघतो. तो राहिला तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो, मग कितीही घासलं तरी हलत नाही. हा टार्टर सर्वांत जास्त कुठे बसतो? खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूने, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. पत्रकात ही दोन ठिकाणं लिहा, आरशात लोक लगेच पाहतील.

सानुनासिक: सुश्रुतसंहितेत त्याला दंतशर्करा म्हटलंय, हिरडीला इजा न करता ती काढावी असं सांगितलंय आणि त्यासाठी दंतशंकू नावाचं शस्त्रही आहे. तयार शब्द असताना टार्टर कशाला?

रांजण: दंतशर्करा वाचून लोकांना साखरेचा रोग वाटेल.

कोनाडा: आणि कायद्याच्या व्याख्येतलं ते ‘खरवडणं’ही पत्रकात नको. आधीच ‘स्केलिंगच्या मशीनने दात हलतात’ ही समजूत पक्की आहे.

एषणी: समजूत का होते ते सांगितल्याशिवाय शब्द बदलून उपयोग नाही. हाड आधीच झिजलेलं असतं, टार्टरने दात एकमेकांना जखडलेले असतात. ते निघाल्यावर आधीचा हललेपणा आणि फटी दिसतात. मूळ उघडं पडल्यामुळे थोडे दिवस थंड झोंबतं. यंत्राचं टोक सेकंदाला साधारण पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि गरम होऊ नये म्हणून पाणी लागतं. टोकाची बाजू दाताला जवळपास समांतर ठेवायची. टोक रोवलं तर चरे पडतात, एका जागी दाबून धरलं तर दात तापतो. त्याआधी हायजिनिस्ट बोथट सळईने प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडी आणि दात यांमधल्या फटीची खोली मोजतो. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 किंवा जास्त असेल किंवा रक्त आलं तर नोंद. या सळईला आयुर्वेदातला ‘एषणी’ शब्द चालेल, माझं नावही तेच आहे.

ओवी: निगा शिकवण्याच्या भागात मिश्री आहे का? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर मिश्री लावणाऱ्या बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे.

कोनाडा: मिश्री म्हणजे मिश्रण, त्यावरूनच आलाय.

सानुनासिक: मला ‘मिस्सी’वरून वाटतो. दात काळे करायची पूड.

ओवी: उगम कुठलाही असो, प्रश्न असा छापा: ‘मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा? लावल्यावर किती वेळ तोंडात ठेवता?’ ‘घासता का’ नको, काहींच्या लेखी मंजन घासायचं असतं आणि मिश्री लावायची. तिसरा प्रश्न गाळू नका. बऱ्याच जणी ती हिरडीला लावून कामाला लागतात, आणि पूड जिथे ठेवतात तिथली हिरडी मागे सरकते, पांढरा चट्टा येतो. हायजिनिस्टने गाल ओढून आधी तीच जागा पाहायची.

रांजण: विदर्भात ‘गुडाखू’ही विचारावं लागेल. तो तंबाखू-गुळाचा लगदा असतो, आणि तिथे तो ‘घासतात’च.