वेगाला नको, टप्प्यांना गुण द्या

फुगा फोडणारी गमतीशीर यंत्रं बनवायच्या स्पर्धेत ज्या गटाचं यंत्र सगळ्यात लवकर फुगा फोडेल तो पहिला, असं कुणीतरी सुचवलंय. मला नाही पटत. रूब गोल्डबर्ग या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या चित्रांतल्यासारख्या, एका वस्तूने दुसरीला हलवत जाणाऱ्या यंत्राची गंमतच मुळी साधं काम द्राविडी प्राणायाम करून उरकण्यात आहे. वेगाला गुण ठेवलेत तर लोक सरळ टाचणी घेऊन येतील!

आम्ही ऐरोलीला सोसायटीच्या हॉलमध्ये अशी स्पर्धा घेतली तेव्हा चाललेल्या प्रत्येक टप्प्याला 2 गुण, मध्येच हाताने ढकलावं लागलं तर 3 वजा. दोन संधी, त्यातली चांगली धरायची. पण टप्पा कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा हो. ओळीत उभे केलेले 40 डॉमिनो म्हणजे 40 टप्पे की एक, यावर आमच्याकडे अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी ठरलं, की गोटीने डॉमिनो पाडला, डॉमिनोने दोरा सोडला, असं वेगळ्या वस्तूकडे काम गेलं तरच नवा टप्पा. अख्खी ओळ एकच.

परीक्षक शेजारच्या सोसायटीतला बोलवा. नातवाला दहापैकी दहा देणारे आजोबा आमच्याकडे निघाले होते. आणि पंखे, खिडक्या बंद. खाडीच्या वाऱ्याने आमचा पुठ्ठ्याचा उतार दोनदा आडवा केला.